खांबाशी कुस्ती

मल्लखांबाच्या स्पर्धेत एका मुलाच्या वाट्याला फार तर दीड मिनिट येतं. पंचांना नमस्कार करायचा, खांबावर उडी घ्यायची, मग एकापाठोपाठ अढ्या, दसरंग, फिरक्या, मध्येच एखादा ताजवा, आणि शेवटी उतरती घेऊन गादीवर दोन्ही पाय जुळवून उभं राहायचं. चवडा ताणलेला नसला तर गुण कापले जातात. पकड ढिली पडून अंग वीतभर घसरलं तरी कापले जातात. शेवटच्या उडीत तोल जाऊन एक पाऊल पुढे पडलं तरीही तेच. दहा-अकरा वर्षांचं पोर हे सगळं डोक्यात ठेवून उलटं लटकत असतं. त्याला शिकवणारे दादा किंवा ताई बाजूला उभे राहून संचातला पुढचा घटक मनातल्या मनात म्हणत असतात, आणि त्यांचे स्वतःचे पायही नकळत ताणलेले असतात.

या दीड मिनिटामागे चार-पाच वर्षांच्या संध्याकाळी असतात. त्या संध्याकाळी कुठे जातात ते पाहायचं असेल तर दादरला शिवाजी पार्कावर जावं. मैदानाच्या मधोमध क्रिकेटची जाळी लागलेली असतात, कट्ट्यावर गप्पांचे फड रंगलेले असतात, आणि एका कडेला श्री समर्थ व्यायाम मंदिरात पुरलेल्या खांबांवर आणि टांगलेल्या दोऱ्यांवर पोरं चढत-उतरत असतात. कुणाची शाळा दादरची, कुणाची परळची. कुणी माहीमहून चालत येतं, कुणी लालबागहून आईबरोबर बसने. दप्तरं भिंतीला टेकवलेली. एरंडेलाचा वास नाकात बसतो तो घरी जाईपर्यंत सुटत नाही.

हल्ली शहरात मुलांसाठी ज्युदो, कराटे, तायक्वांदो, जिउ-जित्सू असे किती तरी वर्ग निघाले आहेत. सोसायटीच्या हॉलमध्ये निळ्या-लाल गाद्या अंथरल्या जातात, पांढऱ्या डगल्यातली मुलं एकमेकांना धरून लोळतात, स्पर्धा होतात, पदकं मिळतात. यात वाईट काहीच नाही. दुसऱ्याच्या अंगाचं वजन आपल्या अंगावर घेऊन शांत राहायला शिकणं ही मोठी गोष्ट आहे. पण ही विद्या आपल्याकडे नवी आली असं जे समजलं जातं ते खरं नाही. रवींद्रनाथ ठाकुरांनी १९२९ साली शिंझो ताकागाकी या जपानी गुरूंना शांतिनिकेतनात बोलावून ज्युदो-जिउजित्सू शिकवायला लावलं होतं, आणि त्यांच्या वर्गात मुलीही होत्या. बडोद्याहून निघालेल्या व्यायाम ज्ञानकोशाचे दहा खंड ज्यांनी चाळले असतील त्यांना ठाऊक आहे की आपली व्यायामशाळांतली जुनी मंडळी जगातल्या सगळ्या झुंजविद्यांकडे किती उघड्या डोळ्यांनी पाहत होती. आणि ताकागाकी बंगालात आले त्याच सुमारास इकडे दादरला मुलांना खांब धरायला शिकवणं सुरू होऊन चार वर्षं झाली होती.

मल्लखांब हा कुस्तीच्या पोटातून निघालेला खेळ आहे, हे आता शिकणाऱ्या पुष्कळ मुलांनाही माहीत नसतं. खांबाकडे नीट पाहिलं की ते कळतं. जमिनीवर साधारण साडेआठ फूट उंच, शिसवाचा किंवा सागाचा, खाली जाड आणि वर निमुळता होत गेलेला. वरच्या टोकाला बोंड, त्याच्या खाली बारीक मान, मग अंग. समोर उभा ठाकलेला मल्लच तो. मल्लाला लावायच्या पकडी आधी याच्यावर घोटायच्या. बगलेत खांब दाबायचा ती बगली, मांड्यांची कैची घालायची ती अढी, सुईतून दोरा ओवावा तसं हात आणि खांब यांच्या फटीतून अंग काढायचं तो सुईदोरा. कुस्तीगीर खांबावर घटका-दोन घटका घालवायचे तेव्हा त्यांच्या मांड्या, पोट, मान आणि दंड यांना असा व्यायाम व्हायचा की आखाड्यात प्रतिस्पर्ध्याला सुटणं अवघड जाई.

जिउ-जित्सूत आणि यात मला दिसणारा मोठा फरक असा. तिथे समोर जिवंत माणूस असतो. तो ढकलतो, ओढतो, चुकतो, आणि त्याच्या चुकीचा तुम्ही फायदा घेता. पाडलं तर दोन गुण, त्याच्या पायांचा वेढा ओलांडून बाजूला आलात तर तीन, छातीवर स्वार झालात किंवा पाठ मिळवलीत तर चार. गळा किंवा सांधा आवळला गेला की खालचा गडी हाताने दोनदा थोपटतो आणि डाव तिथेच सुटतो. हरलेला हात झटकून उठतो. खांब मात्र चुकत नाही, दमत नाही आणि थोपटून घेत नाही. तो जागचा हलत नाही, म्हणून जे काही हलायचं ते मुलाने हलायचं. इथे जे जमलं नाही त्याचा दोष दुसऱ्या कुणाला देता येत नाही. लहान वयात हे अंगात भिनणं फार मोलाचं आहे असं मला वाटतं, आणि त्यासाठीच मला या खेळाविषयी इतकं लिहावंसं वाटलं.

या खेळाचा उल्लेख बाराव्या शतकातल्या चालुक्य राजा सोमेश्वराच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात सापडतो. मग मधली कित्येक शतकं अंधारात आहेत. पुन्हा उजेड पडतो तो दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारात. निजामाकडचे अली आणि गुलाब हे दोन पैलवान पुण्याला आले आणि त्यांनी पेशव्यांच्या मल्लांना आव्हान दिलं. कुणी पुढे होईना, तेव्हा बाळंभटदादा देवधर हा कोवळा तरुण उठला आणि त्याने तयारीसाठी मुदत मागून घेतली. तो वणीच्या सप्तशृंगीला गेला, तिथे त्याला माकडांच्या झाडावरच्या उड्या पाहून, किंवा मारुतीच्या दृष्टान्तातून, खांबावरच्या पकडी सुचल्या, आणि परत येऊन त्याने अलीला चीत केलं, अशी कथा सगळ्या व्यायामशाळांतून सांगितली जाते. तीतला भाविक भाग बाजूला ठेवला तरी बाळंभटदादा हे खरे गुरू होते आणि आजच्या मल्लखांबाची गुरुपरंपरा त्यांच्यापासून मोजली जाते, यात वाद नाही. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, बाजीराव ब्रह्मावर्ताला गेले, आणि त्यांच्याबरोबर ही विद्याही गंगेकाठी गेली. कोंडभट गोडबोले यांच्यासारख्या शिष्यांनी ती काशीला रुजवली. पुढे ती बडोद्याला, मिरज-सांगलीकडे, विदर्भात पसरली. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक १९३६ साली बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी जर्मनीत गेलं आणि तिथल्या लोकांसमोर भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं करून आलं.

मुंबईत ही विद्या रुजायला माती तयार होती. गिरणगावात सातारा, सांगली, कोल्हापूरकडून आलेला कामगार गाठोड्यातून कुस्ती घेऊन आला होता. खोलीत पंधरा-पंधरा माणसं पाळीपाळीने झोपायची, पण गल्लीच्या तोंडाशी तालीम असायची आणि तिथे लाल मातीत तेल-ताक घातलेलं असायचं. कोकणातून आलेल्यांनी कबड्डी जोपासली. परळ, लालबाग, प्रभादेवी, नायगाव या भागात अजूनही कबड्डीचे संघ आहेत आणि महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळाची ‘कामगार केसरी’ कुस्ती स्पर्धाही होते. पण १८ जानेवारी १९८२ ला अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, गिरण्या पुन्हा पूर्वीसारख्या उभ्या राहिल्या नाहीत, आणि त्याबरोबर त्या तालमींना पोसणारा माणूसच वस्तीतून उठला. कुणी गावी गेलं, कुणी डोंबिवली-बदलापूरला, कुणी विरारला. जिथे भोंगा वाजायचा तिथे आता मॉल आणि टॉवर आहेत. एका मातीच्या हौद्याएवढी जागाही मुलांसाठी शिल्लक ठेवायचं कुणाला सुचलं नाही, याचा राग येतो. आजही येतो.

अशा शहरात शिवाजी पार्कचं महत्त्व काय, हे वेगळं सांगायला नको. म्युनिसिपालिटीने हे मैदान १९२५ साली लोकांसाठी खुलं केलं. तेव्हा त्याचं नाव माहीम पार्क होतं. शिवछत्रपतींच्या जन्माच्या त्रिशताब्दीच्या वर्षी, १९२७ मध्ये, नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने ते शिवाजी पार्क झालं. आणि त्याच १९२५ साली प्र. ल. काळे गुरुजींनी दादरमध्ये श्री समर्थ व्यायाम मंदिर सुरू केलं. मैदान आणि व्यायामशाळा यांची शंभरी एकदमच भरली. सभा, मोर्चे, शपथविधी, दसरा मेळावे या मैदानाने किती पाहिले त्याची वर्णनं वाचायला मिळतात. पण या शंभर वर्षांत इथे किती हजार मुलं पहिल्यांदा उलटी लटकली, याची बातमी कधी होत नाही.

काळे गुरुजींच्या नंतर ज्यांच्या नावाने ही जागा ओळखली गेली ते उदय देशपांडे. लहानपणी इथेच मल्लखांब शिकले, कस्टम्स खात्यात नोकरी केली, आणि नोकरीच्या आधी-नंतरचा सगळा वेळ खांबाला दिला. मैदानावर त्यांना सर म्हणतात. २०२४ साली केंद्र सरकारने त्यांना पद्मश्री दिली. त्यांच्या कामातला मला सर्वांत मोठा वाटणारा भाग मात्र पदकांच्या यादीत बसत नाही. त्यांनी हा खेळ अशा मुलांपर्यंत नेला ज्यांच्याकडे एरवी कुठला क्रीडाशिक्षक वळूनही पाहत नाही: अनाथाश्रमातली मुलं, अपंग मुलं, आदिवासी पाड्यांवरची मुलं, आणि दादरच्या कमला मेहता अंधशाळेतल्या मुली.

अंध मुलींचा दोरीवरचा मल्लखांब ज्यांनी पाहिला असेल ते तो विसरणार नाहीत. डोळस मूल ताईंना पाहतं आणि नक्कल करतं. शंभरातल्या नव्वद गोष्टी बघूनच शिकली जातात. दिसत नसलेल्या मुलीला मात्र आधी दोर हातात घेऊन त्याची जाडी आणि पीळ समजून घ्यावा लागतो. मग शिकवणारी ताई स्वतः ती आकृती करून दोरावर थांबते आणि मुलगी तिच्या अंगावरून हात फिरवून पाहते: गुडघा कुठे वळला आहे, दोर कमरेवरून कुठल्या बाजूने गेला आहे, दुसरा पाय किती लांब सुटला आहे. मग तोंडी सूचना. ‘असा कर’, ‘इकडे वळ’ हे शब्द तिथे निरुपयोगी. ‘उजव्या मांडीवरून दोर आत घे, पाठीमागून डाव्या काखेत काढ’ असं बोलावं लागतं. दोन मुलींनी एका दोरावर एकाच वेळी आकृती करायची असेल तर खालची वरचीच्या टाचेचा स्पर्श झाला की हात सोडते. पडण्याची भीती त्यांना इतरांपेक्षा कमी असते, असं ऐकायला मिळतं. मला ते पटत नाही. भीती तेवढीच असणार, ती दाखवून काही उपयोग नाही हे त्या लवकर शिकलेल्या असतात एवढंच.

दोरीच्या मल्लखांबाचं थोडं जवळून सांगायला हवं, कारण मैदानाबाहेरच्या माणसाला तो सोपा वाटतो. पूर्वी तो वेतावर केला जाई, आता सुती दोर असतो, साधारण साडेपाच मीटर लांब, बोटाएवढा जाड. दोराला कुठेही गाठ मारायची नाही, हा नियम. आकृती टिकते ती अंगाभोवती दिलेल्या वेढ्यांवर आणि अंगठ्याच्या पकडीवर. पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या बेचक्यात दोर धरायचा आणि त्या चिमटीवर सगळं अंग वर उचलायचं. पहिले काही आठवडे त्या बेचक्यात साल निघते. मुली रडतात. मग तिथे घट्टा पडतो आणि रडणं थांबतं. एक नऊ-दहा वर्षांची मुलगी मी बराच वेळ पाहत होतो. दोराच्या मध्यावर जाऊन पद्मासन घालायचं आणि हात सोडून बसायचं, एवढंच तिला त्या दिवशी जमवायचं होतं. ती वर जाई, दोर मांडीखालून घेई, एक पाय वळवी, आणि दुसरा पाय वळवताना दोर निसटे. खाली ताई उभी. ती हात लावत नव्हती, फक्त सांगत होती, ‘अंगठा सोडलास. आधी अंगठा.’ मुलगी खाली येऊन हाताचा घाम पुसायची आणि पुन्हा रांगेत शेवटी जाऊन उभी राहायची. रांग मोठी होती, त्यामुळे दोन प्रयत्नांमध्ये तिला विचार करायला पुरेसा वेळ मिळत होता. मला वाटतं, रांगेतलं ते उभं राहणंही शिक्षणच आहे. पुढचीचं काय चुकतं ते मागची बघत असते. अखेर तिने हात सोडले तेव्हा टाळ्या वाजल्या नाहीत. ताई म्हणाली, ‘दहा मोज.’ तिने सातपर्यंत मोजलं आणि सुरकन खाली आली.

मुलग्यांचा पुरलेला खांब वेगळी परीक्षा घेतो. तिथे कपडा जितका कमी तितकी पकड चांगली, कारण कातडीच लाकडाला धरते. खांबाला एरंडेल लावायचं ते बेताचं. जास्त झालं तर माणूस घसरतो, कमी झालं तर मांडी सोलून निघते. पहिली शिकवतात ती साधी अढी. दोन्ही हातांनी खांब धरायचा, कंबर उचलून पाय डोक्यावर न्यायचे, आणि मांड्यांची मिठी खांबाला घालायची. डोकं खाली, पाय वर. मग हात सोडायचे. हात सोडण्याच्या त्या क्षणी प्रत्येक मूल थबकतं, कितीही धीट असलं तरी. एकदा सोडले की पुढच्या वेळी त्याला कुणी सांगावं लागत नाही. मग दसरंग, ज्यात हातांच्या पकडीवर सगळं अंग उलटं फिरवून खांबाला पायांनी गाठायचं. मग खांबाभोवती गोल फिरत जाणाऱ्या फिरक्या. सगळ्यात शेवटी बोंडावरचे तोल: वीतभर लाकडावर एका पायाने उभं राहणं, किंवा पोटावर आडवं होऊन हात-पाय मोकळे सोडणं. मुलगे टांगत्या मल्लखांबावरही खेळतात. साखळीला लटकवलेला तो आखूड खांब स्वतःच गरगर फिरत असतो, तेव्हा खांब जागचा हलत नाही हे माझं वरचं म्हणणं तिथे लागू होत नाही.

स्पर्धेचा संच बांधणं हे एक वेगळंच शास्त्र झालं आहे. घटकांची कठीणतेनुसार वर्गवारी असते, अमुक इतके सोपे, अमुक इतके अवघड घ्यावेच लागतात, जोडणीला गुण असतात, सफाईला असतात, नवेपणाला असतात. जिम्नॅस्टिक्सच्या गुणपद्धतीचा यावर उघड ठसा आहे, आणि त्यात लपवण्यासारखं काही नाही. हा खेळ राष्ट्रीय पातळीवर पहिल्यांदा आला तोही जिम्नॅस्टिक्सचाच हात धरून. नियमबद्ध झाल्यामुळे खेळातला जुना आडदांडपणा थोडा कमी झाला असेल, पण त्यामुळेच लालबागच्या मुलीला आणि उज्जैनच्या मुलीला एकाच मापाने मोजता येऊ लागलं.

१६ आणि १७ फेब्रुवारी २०१९ ला शिवाजी पार्कावर पहिली जागतिक मल्लखांब स्पर्धा झाली. पंधरा देशांचे खेळाडू आले होते. जर्मन, जपानी, अमेरिकन मुलं-मुली अंगाला तेल चोळून खांबापुढे उभी होती आणि कट्ट्यावरचे आजोबा त्यांना मराठीतून सल्ले देत होते. सांघिक विजेतेपद भारताला मिळालं, मागोमाग सिंगापूर आणि मलेशिया. वैयक्तिक सर्वोत्तम ठरले दीपक शिंदे आणि हिमानी परब. हिमानी ही समर्थचीच मुलगी. पुढे २०२१ चा अर्जुन पुरस्कार तिला मिळाला, आणि मल्लखांबासाठी अर्जुन मिळवणारी ती देशातली पहिली खेळाडू ठरली. पुरस्कार घेणाऱ्यांच्या त्या यादीत शिखर धवन होता, भवानी देवी होती, दीपक पुनिया होता. दादरच्या मैदानावर दोरीला लटकून वाढलेल्या मुलीचं नाव त्यांच्या ओळीत वाचताना इथल्या कित्येक जुन्या शिक्षकांना काय वाटलं असेल, ते शब्दांत मांडता येणार नाही.

महाराष्ट्राने मात्र आता गाफील राहू नये. मध्य प्रदेशाने २०१३ साली मल्लखांबाला राज्यखेळाचा दर्जा दिला. मल्लखांबाच्या प्रशिक्षकाला पहिला द्रोणाचार्य पुरस्कार २०२० मध्ये मिळाला तो उज्जैनच्या योगेश मालवीय यांना. मुंबईच्या गणेश देवरुखकरांना तो २०२३ मध्ये मिळाला. छत्तीसगडच्या नारायणपूर जिल्ह्यातली, अबूझमाडच्या जंगलपट्ट्यातली आदिवासी मुलं २०२३ मध्ये दूरचित्रवाणीवरची ‘इंडियाज गॉट टॅलेंट’ स्पर्धा जिंकून गेली. त्यांचे खांब साधे आणि त्यांच्या उड्या पाहून छाती दडपते. खेळ पसरला याचा आनंदच आहे, बाळंभटदादांची विद्या मध्य भारतातल्या जंगलात पोचली याहून चांगलं काय. पण जिथून ती पसरली तिथली मुलं मागे पडू नयेत, एवढी इच्छा मराठी माणसाला असणारच.

मागे पडण्याचं कारण खांबावर सापडत नाही, ते घरात सापडतं. मल्लखांब शिकवणाऱ्या कुणालाही विचारा, मुलं गळतात कधी? उत्तर एकच येतं: नववी संपली की. सहा-सात वर्षं घोटलेलं मूल राज्य स्पर्धेच्या उंबरठ्यावर येतं आणि तेवढ्यात दहावीचा क्लास संध्याकाळी सहा ते आठ लागतो. आई-वडील म्हणतात, एक वर्ष थांबू दे. एका वर्षात अंग जड होतं, मांडीवरचा घट्टा जातो, बरोबरीची मुलं पुढे गेलेली असतात, आणि मग परत यायला लाज वाटते. मुलींच्या बाबतीत याला आणखी एक कारण जोडलं जातं, ते म्हणजे अंगासरसा पोशाख. ते कुणी मोकळेपणाने बोलत नाही, पण मुलीचं येणं बंद होतं.

याला व्यवहाराच्या भाषेतही उत्तर आहे. जिल्हा, राज्य, राष्ट्रीय पातळीवर खेळलेल्या मुलांना दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळतात. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के जागा आहेत. केंद्र सरकारने २०२० मध्ये खेळाडूंच्या भरतीसाठीच्या खेळांची यादी ४३ वरून ६३ वर नेली तेव्हा तीत मल्लखांब आला. खेलो इंडिया युवा स्पर्धांत तो २०२२ च्या पंचकुला स्पर्धेपासून आहे. पण हे सगळं पालकांना पटवून देताना मला स्वतःलाच थोडं अवघड वाटतं, कारण नोकरीसाठी कुणी उलटं लटकायला शिकत नाही. ज्याने दहा वर्षं रोज स्वतःचं वजन स्वतः उचललं त्याला अभ्यासाचं ओझं उचलता येत नाही, असं मानणंच मला चुकीचं वाटतं.

आणि शिकवणार कोण, हा प्रश्नही याच गळतीशी बांधलेला आहे. मल्लखांबाच्या मैदानावर शिक्षक बाहेरून येत नाहीत. काल जी मुलगी दोरावर दहा आकडे मोजत होती ती उद्या खाली उभी राहून ‘आधी अंगठा’ म्हणते. पहाटे उठून, कॉलेजच्या आधी, नोकरीच्या नंतर, अनेक जण एक पैसा न घेता शिकवतात. नववीत मूल निघून गेलं म्हणजे एक स्पर्धक गेला, तसाच पुढच्या पंचवीस मुलांचा शिक्षकही गेला. देशपांडे सरांसारखी माणसं नोकरी सांभाळून आयुष्यभर मैदानावर राहिली म्हणून शंभर वर्षं हे चाललं. पुढच्या पन्नास वर्षांसाठी तशी माणसं आजच्या चौथी-पाचवीतल्या पोरांतूनच यायची आहेत.

म्हणून दादर, परळ, लालबाग, गिरगावातल्या वाचकांना एक विनंती. दिवाळीच्या सुट्टीत मुलाला किंवा मुलीला घेऊन शिवाजी पार्कावर एकदा जा. फार खर्चाची तयारी लागत नाही: हाफ पँट, कापलेली नखं आणि थोडा धीर. पहिल्या दिवशी मूल खांबाला नुसती मिठी मारून परत आलं तरी चालेल. ते टिकलं, रमलं, स्पर्धेपर्यंत पोचलं, तर दहावीच्या वर्षी त्याला तिथून काढू नका. क्लासची वेळ बदलून मिळते, विचारून पाहा.